वीजसंरक्षण आणि अर्थिंग: ‘ओहम किती आला?’ या प्रश्नाच्या आधीचं काम

वीजसंरक्षणाचं, म्हणजे ढगातल्या विजेपासून इमारत वाचवण्याचं काम संपत आलं की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ‘ओहम किती आला?’, म्हणजे अर्थिंगचा रोध किती? मोजायचं ते असतंच, पण मला हा आकडा सगळ्यात कमी माहिती देणारा वाटतो. मातीतला जोड कसा झालाय, पट्टीला कुठे आडवळण दिलंय, भिंतीच्या आतून कुठली केबल जातेय, यातलं काहीच त्यात दिसत नाही. म्हणून एक पूर्ण काम आम्ही ज्या क्रमाने केलं, तो क्रम इथे लिहितो.

इमारत आरसीसीची, लांबी २४ मीटर, रुंदी १६ आणि उंची १५. वीजसंरक्षणाच्या आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या भाग २ प्रमाणे जोखमीचा हिशोब केला, संरक्षणाचा वर्ग ३ निघाला. वर्ग ३ ला गच्चीवर वीज झेलणाऱ्या तारांच्या जाळीचा चौकोन १५ बाय १५ मीटरपेक्षा मोठा चालत नाही, डाउन कंडक्टर (वीज गच्चीवरून जमिनीत नेणारी तार) साधारण दर १५ मीटरला लागतो आणि रोलिंग स्फिअरची (वीज कुठे पडू शकते ते पाहायला इमारतीवरून फिरवायचा काल्पनिक गोळा) त्रिज्या ४५ मीटर धरतात. परिघ ८० मीटर, म्हणजे पाच डाउन कंडक्टर कमी पडतात, सहा घेतले. जाळीत बरेच जण चुकतात. कठड्यावरून भोवती एक फेरी आणि मधे एक आडवी तार टाकली तर चौकोन १२ बाय १६ चा होतो. एकच मीटर जास्त आहे, पण नियमात बसत नाही. लांबीच्या दिशेनेही एक ओढावी लागते. एकूण १२० मीटर लागली.

खोदकामाच्या आधी माती मोजली, म्हणजे ती करंटला किती अडवते ते पाहिलं. एका रेषेत समान अंतरावर चार खुंट्या, बाहेरच्या दोन करंटच्या, आतल्या दोन व्होल्टेजच्या. खुंट्यांमधलं अंतर १, २, ३ आणि ६ मीटर ठेवून चार वाचनं घेतली, कारण अंतर वाढवलं की वाचन खोलवरच्या थराचं मिळतं. ३ मीटर अंतराला उपकरणावर ४.२ ओहम आला. २ × π × ३ × ४.२ म्हणजे सुमारे ७९ ओहम-मीटर, हिशोबाला ८० धरले.

या मातीत ३ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड, जमिनीत उभा ठोकलेला एकटा रॉड साधारण २७ ओहम देतो. जाडी दुप्पट केली तर २४ च्या आसपास येतो. लांबी दुप्पट केली तर १५. जाड रॉड घ्या असा सल्ला नेहमी मिळतो, पण पैसे घालायचे तर खोलीत घालावेत. दोन रॉडमध्ये किमान एका रॉडच्या लांबीएवढं अंतर हवं. शेजारी-शेजारी ठोकलेले दोन रॉड एकाच मातीवर अवलंबून असतात, त्यामुळे आकडा निम्मा होत नाही.

आम्ही भिंतीपासून १ मीटर लांब, इमारतीभोवती बंद रिंग टाकली: २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी, ८८ मीटर, आणि प्रत्येक डाउन कंडक्टरखाली तांब्याचा मुलामा दिलेला ३ मीटरचा एक रॉड. रिंगसाठी किमान खोली अर्धा मीटर असते. वरचा थर सुकतो, म्हणून पाऊण मीटर खणलं. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी मुद्दाम घेतली नाही. काँक्रीटमधली सळई मातीतल्या जस्ताच्या तुलनेत तांब्यासारखी वागते. दोन्ही जोडलेले असले की जस्त हळूहळू खाल्लं जातं आणि वरून काही कळत नाही.

जमिनीतले सगळे जोड एक्झोथर्मिक वेल्डने केले. कॉपर ऑक्साइड आणि अॅल्युमिनियमची पावडर ग्राफाइटच्या साच्यात पेटते आणि वितळलेलं तांबं जोडावर ओतलं जातं. पट्टी आणि रॉड ब्रशने चमकेपर्यंत घासायचे, साचा बर्नरने तापवून पूर्ण कोरडा करायचा, तळाला धातूची चकती, वर पावडर, शेवटी पेटवण्याची पावडर, झाकण लावायचं आणि बाजूला व्हायचं. जोड बिघडण्याचं नेहमीचं कारण ओल. साचा दमट राहिला की वाफ तांब्यात अडकते आणि मळी झाडल्यावर जोडावर बारीक भोकं दिसतात. असा जोड हातोडीच्या दोन ठोक्यांत सुटला तर बरंच, कारण न सुटलेला मातीत जातो. पहिल्या दिवशीचे दोन जोड सच्छिद्र निघाले, कापून पुन्हा केले. साच्याचं तोंड झिजलं की धातू बाजूने गळतो. तेव्हा साचाच बदलावा.

चर बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढला, शेजारी मोजपट्टी आणि डाउन कंडक्टरचा क्रमांक ठेवून. मग विटांचे तुकडे, दगड बाजूला काढून चाळलेली माती थरावर थर धुमसली. मीठ टाकलं नाही. मिठाने पहिल्या वर्षी आकडा छान येतो, पुढे पाण्याबरोबर ते वाहून जातं आणि तोवर धातू खाऊन टाकतं.

गच्चीवर ८ मिलिमीटरची अॅल्युमिनियम मिश्रधातूची गोल तार, दर मीटरला आधार. आधार काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, वॉटरप्रूफिंगला भोक नाही. २४ मीटरची तार ५० अंशांच्या फरकात जवळजवळ २८ मिलिमीटर लांबते, म्हणून मधे लवचीक तुकडा हवाच, नाहीतर क्लॅम्प उखडतात. अॅल्युमिनियम ओल्या प्लास्टरला टेकू द्यायचं नाही आणि जमिनीत तर मुळीच न्यायचं नाही. तांब्याशी जोड टेस्ट लिंकवर (चाचणीसाठी उघडता येणारा जोड), बायमेटल क्लॅम्पने, म्हणजे दोन वेगळे धातू जोडण्यासाठीच्या क्लॅम्पने. तांबं वर आणि अॅल्युमिनियम खाली अशी रचनाही टाळायची. तांब्यावरून ओघळणारं पाणीच खालच्या अॅल्युमिनियमला पोखरतं.

मराठीत तारेतल्या विजेलाही वीज म्हणतात आणि ढगातल्या विजेलाही, त्यामुळे दोन्ही सारख्याच वागतील असं वायरमनला वाटतं. घरातल्या विजेला वळण म्हणजे काहीच नाही. ढगातल्या विजेला मात्र सरळ तारेचा प्रत्येक मीटरही साधारण एक मायक्रोहेन्री असतो, म्हणजे झपाट्याने चढणाऱ्या करंटला तेवढा अडथळा. एका तारेतला करंट मायक्रोसेकंदाला २० किलोअँपिअरने चढला तरी मीटरमागे २० किलोव्होल्ट उभे राहतात. एका डाउन कंडक्टरला छज्ज्याभोवती ‘यू’ आकाराचं वळण दिलेलं होतं, दिसायला अगदी नीटनेटकं. वीज तिथे तार सोडून फटीतून उडी मारते. ते काढून छज्ज्याला भोक पाडलं आणि तार सरळ खाली नेली.

हाच हिशोब आतल्या वायरिंगला लागू होतो. डाउन कंडक्टरवरून केबलवर वीज उडी मारणार नाही एवढं अंतर हवं. वर्ग ३ (गुणक ०.०४), तीनपेक्षा जास्त डाउन कंडक्टर (०.४४), बाँडिंगपर्यंतची, म्हणजे धातूचे भाग अर्थिंगला जोडलेल्या जागेपर्यंतची लांबी १५ मीटर: ०.०४ × ०.४४ × १५, म्हणजे हवेत २६ सेंटिमीटर आणि विटांच्या भिंतीतून त्याच्या दुप्पट, ५३. कॅमेऱ्याची केबल गच्चीजवळ एका तारेपासून १५ सेंटिमीटरवरून जात होती, ती हलवली. मेन बोर्डावर टाइप १ चं सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या लाटेपासून वायरिंग वाचवणारं उपकरण) बसवलं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवली. एवढं महागडं उपकरण लांब गुंडाळलेल्या तारेने निरुपयोगी झालेलं पाहून खरंच वाईट वाटतं.

चाचणी आम्ही सलगतेपासून, म्हणजे धातूचा रस्ता कुठे तुटलेला नाही ना हे पाहण्यापासून सुरू करतो, चार तारांच्या लो-ओहम मीटरने. बहुतेक जोड काही मिलिओहमचे निघाले. लोखंडी शिडीच्या बाँडला मात्र ०.४ ओहम आला. क्लॅम्प रंगावरच आवळला होता. रंग खरवडला, पेस्ट लावली, आकडा बाकीच्यांच्या रांगेत आला.

मग अर्थ टेस्टर. लिंक उघडण्याआधी त्या तारेत गळतीचा करंट आहे का ते क्लॅम्प मीटरने पाहायचं. ढगांचा गडगडाट ऐकू येत असेल तर त्या दिवशी लिंक उघडायचीच नाही. फक्त रिंग मोजायची म्हणून पुरवठा बंद करून सहाही लिंक आणि मुख्य बाँड सोडले, नाहीतर न्यूट्रलचा समांतर रस्ता आकडा खाली ओढतो. टेस्टरच्या पेटीतल्या २० मीटरच्या तारेने १.१ ओहम आला आणि सगळे खूश झाले. पण रिंगचा कर्णच ३२ मीटरचा आहे. २० मीटरवरची खुंटी रिंगच्याच प्रभावक्षेत्रात उभी असते. करंटची खुंटी १६० मीटरवर नेली, व्होल्टेजची ९९ वर, म्हणजे ६२ टक्क्यांवर, आणि दोन्ही बाजूंना १६-१६ मीटर सरकवून पुन्हा वाचलं. २.०, २.१, २.२. तिन्ही जवळजवळ आले, म्हणून २.१ धरला. १० ओहमच्या मर्यादेत तो आरामात बसतो. लिंक परत लावल्यावर एका तारेला क्लॅम्प मीटर लावला तर ०.०४ दाखवतो. तो मातीचा आकडा नाही, तारा आणि रिंग मिळून झालेल्या धातूच्या फेऱ्याचा आहे.

डाउन कंडक्टरभोवती ३ मीटरपर्यंत जिथे माणसं उभी राहतात तिथे १५ सेंटिमीटर खडी पसरली. लिंकवर क्रमांक ठोकले. वहीत प्रत्येक वाचनासोबत खुंट्यांची अंतरं, मातीची ओल आणि तारीख लिहिली. वर्ग ३ ला दर दोन वर्षांनी नजरेने तपासणी आणि चार वर्षांनी पूर्ण चाचणी. तेव्हा खुंट्या त्याच जागी ठोकता याव्यात म्हणून त्यांचा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे.