साफा मशिदीपाशी अडलेले वाक्य

गेली अकरा वर्षे मी गोव्यात मराठी पर्यटकांचा गाईड म्हणून काम करतो. किनाऱ्यावरच्या गर्दीशी माझा संबंध कमीच येतो. पुणे, सांगली, सोलापूर या भागांतून कुलदैवताच्या दर्शनासाठी येणारी कुटुंबे हे माझे नेहमीचे गिऱ्हाईक, आणि त्यामुळे फोंडा तालुका हेच माझे खरे कार्यक्षेत्र. कवळ्याची शांतादुर्गा, बांदिवड्याचा नागेश, म्हार्दोळची म्हाळसा आणि मंगेशी या मार्गावरची वाक्ये इतकी तोंडात बसली आहेत की ती बोलताना मी मनातल्या मनात जेवणाच्या ऑर्डरीचा हिशेबही करू शकतो. यात अभिमान वाटावा असे काही नाही, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळले.

त्या दिवशी सोलापूरची चौदा माणसे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये होती. सकाळी कवळ्याचे दर्शन आटोपले आणि मंगेशीकडे निघण्यापूर्वी मी गाडी साफा मशिदीपाशी थांबवली. हे ठिकाण फोंडा बसस्थानकापासून दोनेक किलोमीटरवर आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे फारशी गर्दी नसते. देवदर्शनाच्या सहलीत मशीद कशासाठी, असा प्रश्न दर दोन-तीन गटांमागे एकदा येतोच. त्या दिवशी तो पुढच्या सीटवरच्या काकांनी विचारला. ‘पंधरा मिनिटे पाय मोकळे करा, तळी बघण्यासारखी आहे,’ हे माझे ठरलेले उत्तर मी दिले आणि सगळे उतरले.

ही मशीद पाहणाऱ्याला पहिल्यांदा थोडे चुकल्यासारखे वाटते, कारण विजापूर म्हटले की डोळ्यांपुढे घुमट येतो आणि इथे घुमटच नाही. उंच जोत्यावर एकच आयताकृती दालन, भिंतींत कमानी आणि वर आपल्या कोकणातल्या घराला असते तसे उतरते कौलारू छप्पर. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या पाण्यापुढे विजापूरचा घुमट टिकवण्यापेक्षा कौले घालणे शहाणपणाचे आहे, हे ज्याने कोणी ती बांधली त्याला ठाऊक असावे. सगळे बांधकाम जांभ्याचे आहे. आम्ही त्या दगडाला चिरे म्हणतो. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा लागला की हळूहळू कठीण होत जातो. मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे त्याच्यावर बारीक नक्षी काढता येत नाही. आजूबाजूला अष्टकोनी खांबांचे बुंधे उरले आहेत. कधीकाळी तिथे बाग आणि कारंजी होती आणि ती पोर्तुगीज अमदानीत नष्ट झाली, असे सांगितले जाते.

पादत्राणे काढून सगळे जोत्यापाशी जमले. आत आजही नमाज होते, त्यामुळे मी आवाज खाली ठेवून माझे नेहमीचे वाक्य म्हटले: ‘ही मशीद विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने १५६० साली बांधली.’

‘कुठला इब्राहिम?’

प्रश्न मागून आला. सत्तरीच्या आसपासच्या एक बाई, पांढरी सुती साडी, हातात नातवाचा हात. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि इतिहास शिकवत होत्या, हे मला नंतर कळले. मी गोंधळून म्हणालो, ‘पहिला असेल, बाई.’

‘पहिला इब्राहिम १५५८ साली वारला,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘मग दोन वर्षांनी मशीद बांधायला तो कबरीतून उठून आला होय?’

चौदाच्या चौदा माणसे हसली. बाईंनी मला अपमानित करायचे म्हणून ते म्हटले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. पण माझे कान तापले. त्यांनी लगेच नातवाला विजापूरचे सुलतान बोटांवर मोजून दाखवले: यूसुफ, इस्माईल, थोडे महिने मल्लू, मग पहिला इब्राहिम, मग अली, म्हणजे चांदबिबीचा नवरा. १५८० साली अली गेल्यावर गादीवर बसलेला दुसरा इब्राहिम जेमतेम नऊ वर्षांचा होता, तेव्हा त्याचाही इथे संबंध नाही. ‘एक तर साल चुकलेले आहे, नाही तर नाव,’ असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘तुम्ही हे कशावरून सांगता? दगडावर वाचलेत की पुस्तकात?’

खरे उत्तर असे होते की मी ते दुसऱ्या गाईडकडून ऐकले होते. मागाहून पाहिले तेव्हा पर्यटनाच्या लिखाणात काही ठिकाणी इब्राहिम आणि काही ठिकाणी अली अशी दोन्ही नावे मिळाली, साल मात्र सगळीकडे तेच. अकरा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी तसे कबूल केले. बाईंनी मान डोलावली आणि वर्गात हजेरी संपल्यावर धडा सुरू करावा तशा सहजपणे त्या तळीकडे वळल्या.

साफा मशिदीची तळी ही मशिदीहून अधिक वेळ पाहण्याची गोष्ट आहे. सुमारे तीस मीटर लांब आणि तेवढीच रुंद, चिऱ्यांनी बांधून काढलेली, चौबाजूंनी पायऱ्या, आणि भिंतींत छोट्या खोल्यांसारखे कमानदार कोनाडे, मेहराबीच्या, म्हणजे मशिदीत नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, आकाराचे. पाणी हिरवे होते. बाईंचा नातू भुयार कुठे आहे ते शोधू लागला, कारण कोणीतरी त्याला तसे सांगितले होते. बाई मात्र तळीकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, ‘सकाळी देवळात पाहिलेल्या तळीची ही बहीण दिसते.’ मी यापूर्वी कवळे आणि साफा मशीद एकाच दिवशी शेकडो वेळा दाखवली असेल, पण दोन्ही तळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तोच जांभा, तेच गवंडीकाम. फरक इतकाच की इथे कमानींना मेहराबीचे टोक आहे.

आता काकांची वेळ होती. मशिदीत काय पाहायचे, असे विचारणाऱ्या काकांनीच विचारले, ‘म्हणजे शांतादुर्गा गोव्यातल्याच केळशीहून कवळ्याला आणली, तेव्हा फोंडा कोणाच्या ताब्यात होता?’ मी तोंड उघडले आणि पुन्हा अडलो. कारण या प्रश्नालाही माझ्याकडे एक तयार वाक्य आहे: देव पोर्तुगीजांच्या जाचामुळे सौंदेकर राजांच्या, म्हणजे कर्नाटकातल्या सोंदे इथल्या राजांच्या, आश्रयाला आले. ते वाक्य मी त्याच सकाळी देवळाच्या पायरीवर म्हटलेही होते. पण पोर्तुगीजांना बार्देश आणि सासष्टी हे गोव्याचे भाग मिळाले १५४३ साली, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, आले १५६० साली, आणि देव नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आले ते याच काळात. तेव्हा अंत्रुजवर सत्ता विजापूरची होती. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला आदिलशाहीकडून घेतला तो १६७५ साली. सौंदेकरांचा अंमल इथे बसला तो त्यानंतर.

‘आदिलशहाच्या,’ मी म्हणालो. ‘सकाळी मी सौंदेकर म्हणालो, ते चुकीचे होते.’

काका काही बोलले नाहीत. त्यांनी तळीच्या कठड्यावर हात ठेवला आणि दगडाचे भोक बोटाने चाचपत उभे राहिले. पंधरा मिनिटांचा थांबा पाऊण तासाचा झाला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा मी हाताने त्याला थांबवले. एरवी उशिरामुळे जेवणाची टेबले जातात म्हणून आधी मीच घाई करतो.

गाडीत बसल्यावर मी मोबाइलमधल्या माझ्या टिपणातले इब्राहिमचे नाव खोडले आणि क्षणभर थांबून अलीचेही लिहिले नाही. ‘विजापूरच्या आदिलशाहीत’ एवढेच ठेवले. सौंदेकरांचे वाक्य पूर्ण काढून टाकले. मग माइक हातात घेतला, कारण मंगेशीचे शिखर दिसायच्या आत तिथली माहिती संपवायची माझी सवय आहे.

‘आता आपण मंगेशीला जात आहोत,’ मी सुरू केले. ‘कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून मंगेशाचे लिंग इथे प्रियोळ गावात आणले गेले, ते साल होते…’

समोरच्या आरशात मला बाई दिसल्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला होता आणि त्या वाट पाहत होत्या.