सगळे मावले पाहिजेत

साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटेची विहीर पाहायला गेलो, त्या दुपारी गळ्यात निकॉनचा एफएम २ हा फिल्म कॅमेरा होता आणि त्याला नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स होती. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या त्या अष्टकोनी विहिरीच्या काठावरून डोळा लावला, तर चौकटीत भिंतीचा एक तुकडा आला. जिन्याच्या बाजूने पाहिले, तर कमान आली आणि विहीर गेली. पन्नासची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम ४६ अंश पाहते, आणि विहिरीत मागे सरकायला जागा नसते. फिल्म कॅमेऱ्यासाठी खिशाला परवडेल अशी एखादी वाइड अँगल झूम, म्हणजे लहान मिलिमीटरची, रुंद पाहणारी आणि आकडा कमीजास्त करता येणारी लेन्स घ्यावी, हे खूळ डोक्यात शिरले ते तिथे.

खूळ शिरायला क्षण पुरतो, लेन्स ठरवायला मात्र महिने जातात. निकॉनचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स अडकवायची जागा, १९५९ पासून तोच आहे, असे दुकानदार मोठ्या विश्वासाने सांगतात आणि ते खरेही आहे. पण लेन्स बसणे आणि लेन्स चालणे यांत बरेच अंतर आहे. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात मी ‘वाइड झूम’ एवढे शब्द उच्चारताच एका गृहस्थांनी माझ्यापुढे १८-५५ ठेवली. ती एफएम २ वर अगदी खटकन बसते. मात्र तिला छिद्राचे कडेच, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र लहानमोठे करायला फिरवायचे कडेच, नसल्याने ती या कॅमेऱ्यावर कायम सगळ्यात बारीक छिद्रावर अडकून राहते, आणि ती डिजिटलच्या लहान सेन्सरसाठी घडवलेली असल्याने २४ बाय ३६ मिलिमीटरच्या फिल्मचे कोपरे काळे करते. उलट दिशेने फार मागे गेलो, तर १९७७ पूर्वीच्या मूळ रूपातल्या लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडापाशी असलेल्या नाजूक खुंटीला इजा करू शकतात. म्हणजे फार नवी नको, फार जुनी नको, आणि कडे हवेच. सोयरीक जमवतानासुद्धा अटी याहून कमी असतात.

अटींची चाळणी लावल्यावर हाती थोडीच नावे उरतात. निकॉनची स्वतःची १८-३५, म्हणजे २००० साली आलेली ‘डी’ मालिकेतली, वजनाला ३७० ग्रॅम आणि मनाला भुरळ घालणारी. पण तिच्या डिजिटलवाल्या चाहत्यांनी तिचा भाव उतरू दिलेला नाही. त्याआधीची २४-५० स्वस्त आहे, परंतु २४ वर थांबते. मग उरतात त्या १९-३५ जातीच्या, टोकिनाच्या, आणि कोसिनाने बनवून विविटार, सोलिगोर, फिनिक्स अशा वेगवेगळ्या नावांनी बाजारात गेलेल्या. या सगळ्यांचे तोंड मात्र मोठे असते, ७७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो आणि तो फिल्टर घेताना स्वस्ताईचा आनंद निम्मा होतो. तोंड मोठे असण्यालाही कारण आहे. कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जायला जागा हवी, म्हणून निकॉनमध्ये माउंट फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर असतो. १८ किंवा १९ मिलिमीटरच्या लेन्सला तेवढ्या लांबून चित्र फिल्मवर टाकायचे, तर पुढे मोठी अंतर्गोल काच घालून उलटी रचना करावी लागते. फ्रान्समध्ये आंजेन्यूने १९५० साली अशी ३५ मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली, तेव्हापासून आरशाच्या कॅमेऱ्यांना रुंद पाहता येऊ लागले.

स्वस्त झूमबद्दल जाणकार नाक मुरडतात ते तीन गोष्टींसाठी: छिद्र लहान, कोपरे मऊ, आणि कडेच्या सरळ रेषा पोट काढतात. मला यांतली पहिली तक्रार कधी कळली नाही. रुंद लेन्स मी एफ ८ वर (छिद्राचा हा आकडा मोठा, तितके छिद्र लहान) लावून विसरून जातो. १९ मिलिमीटरला एफ ८ वर दीड मीटरच्या जरा पलीकडे फोकस ठेवला, की हाताच्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सारे स्वच्छ येते, आणि एफ ८ ला मऊ कोपरेही बरेच शहाणे होतात. छिद्र एफ ४.५ इतके लहान असण्याची एकच अडचण खरी आहे, ती म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या, फोकस जुळवायच्या दुभंगलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग डोळा थोडा सरकला की काळवंडतो. पोट काढणाऱ्या रेषांचे म्हणाल, तर ज्या वाड्यांचे मी फोटो काढतो, त्यांच्या तुळया मुळातच कुठे सरळ राहिल्या आहेत?

माझे स्वतःचे वेड निराळेच आहे. छिद्राचे कडे फिरवताना प्रत्येक आकड्यावर स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे. लेन्सची धार, किंमत, नाव सारे मनासारखे असूनही कडे लोण्यातून फिरल्यासारखे फिरले म्हणून मी लेन्स खाली ठेवून दुकानातून बाहेर पडलेला माणूस आहे, आणि त्याचे कारण मला कोणालाही समजावता आलेले नाही.

त्यातून आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर बुरशी लेन्सच्या आत बिऱ्हाड करते. दुकानाच्या उजेडात प्रत्येक लेन्स स्वच्छच दिसते. कडे सगळ्यात लहान आकड्यावर फिरवावे, मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि पुढून पाहावे. काचेच्या कडेपासून आत सरकत आलेले पांढरे, फाटे फुटलेले तंतू दिसले की नमस्कार करून निघावे, कारण धूळ फोटोत दिसत नाही, बुरशी मात्र काचेवरचा लेप खाते. मग कडे २२ वर न्यावे, मागचा छोटा दांडा बोटाने सरकवून सोडावा. छिद्राच्या पाकळ्या झटक्यात मिटल्या तर ठीक. त्यांच्यावर तेलाची चकाकी असली तर त्या दुपारच्या जेवणानंतरच्या कारकुनासारख्या सावकाश मिटतात, आणि तोवर शटर पडून गेलेले असते.

हे सारे करत असताना मला हमखास धाकट्या काकांच्या लग्नातले फोटोग्राफर आठवतात. पोटाशी दोन डोळ्यांचा यशिका, त्याच्या वरच्या काचेत वाकून पाहत ते सारखे मागे मागे जात होते: ओटीवरून पायरी, पायरीवरून अंगण, अंगणातून थेट तुळशीवृंदावनाला पाठ टेकेपर्यंत. ‘सगळे मावले पाहिजेत, आत सरका,’ असे ते ओरडत, आणि त्या काचेत डावे-उजवे उलटे दिसत असल्याने आम्हा मुलांना नेमके नको त्या बाजूला ढकलत. रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे या गटाच्या वाट्याला एकच. थोरली आत्या पंगतीतून तुपाची तामली हातात घेऊनच धावत आली आणि टोकाला उभी राहिली. फोटो धुऊन आला, त्यात तामली पूर्ण होती आणि आत्या अर्धी.

त्यांच्याजवळ १८ ची लेन्स असती तर आत्या पुरी आली असती, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. पुढे हिशेब मांडून पाहिला. माझ्या कॅमेऱ्यातल्या फिल्मची रुंदी ३६ मिलिमीटर, तिचा निम्मा भाग १८. म्हणजे १८ च्या लेन्समध्ये टोकाचा माणूस मधल्या रेषेपासून बरोबर ४५ अंशांवर असतो, आणि तिथे गोल चेहरा उंचीच्या मानाने १.४ पट रुंद उमटतो. २४ वर हेच प्रमाण सव्वापट होते. हा लेन्सचा दोष नव्हे. लाखाची लेन्स आणली तरी सपाट फिल्मवर भूमिती हेच करणार. म्हणजे आत्या आली असती, पण जी बाई जन्मभर काटकुळी होती ती फोटोत चांगली भरलेली दिसली असती, आणि तिने तो फोटो कोणाला दाखवू दिला नसता.

अखेर टोकिनाची १९-३५ घेतली. कडे व्यवस्थित वाजते. पुढच्या महिन्यात घरी मुंज आहे. गटाचा फोटो २४ वर काढायचा आणि आत्याला मधोमध खुर्चीवर बसवायचे, असे मी सर्वांना सांगून ठेवले आहे. मी फोकस लावेपर्यंत ‘पानं खोळंबलीत रे’ म्हणत ती उठून जाणार, हेही सर्वांना ठाऊक आहे.