सेंगेनिदची घरनिहाय यादी, टप्पा तिसरा: १९११ च्या जनगणनेशी जुळवणी

दक्षिण वेल्समधल्या सेंगेनिद गावी युनिव्हर्सल कोळसाखाणीत १४ ऑक्टोबर १९१३ च्या सकाळी स्फोट झाला. ४३९ कामगार गेले. बचावपथकातला एक धरून ४४०. ब्रिटनच्या खाणींमधली ही सर्वांत मोठी दुर्घटना. नावांच्या याद्या पूर्वीपासून आहेत. या कामात ती नावं आपापल्या घरांत परत ठेवायची आहेत. मृतांची यादी आणि पायाभूत नकाशा झाला. आता जनगणनेचे अर्ज घेतले आहेत.

नकाशाबद्दल थोडक्यात. ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशासंस्था) मैलाला २५ इंचांचा नकाशा घ्यावा, त्यात घर न् घर सुटं दिसतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. १८७० च्या दशकातली आवृत्ती इथे निरुपयोगी, कारण तेव्हा या जागी शेतंच होती. खाणीत उतरायची खोल विहीर (शाफ्ट) खणायला १८९१ मध्ये सुरुवात झाली, गाव त्यानंतरचं. नकाशावर घरांचे क्रमांक मात्र छापलेले नसतात. त्यासाठी प्रगणकाची, म्हणजे जनगणनेला घरोघर फिरणाऱ्याची, गोषवारा-वही लागते. त्यात दुकानं, चॅपल (ख्रिस्ती प्रार्थनामंदिर), रिकामी घरंही ओळीने येतात. कोपऱ्यावरचं चॅपल आधी नकाशावर पक्कं करावं आणि तिथून घरं मोजत जावं.

खरी मेहनत जुळवणीत आहे. जनगणना २ एप्रिल १९११ ची, म्हणजे स्फोटाच्या अडीच वर्षं आधीची. तेवढ्यात पोटभाडेकरू घर बदलतात, बाहेरून नवे कामगार येतात. म्हणून केवळ पत्त्यावरून जुळवलेली नावं चुकतात. मुलांच्या बाबतीत तर व्यवसायाचा रकानाही फसवतो. मृतांमध्ये १४ वर्षांची ८ मुलं होती. जनगणनेच्या रात्री ती ११-१२ वर्षांची, म्हणजे अर्जात त्यांच्यापुढे 'शाळा'. व्यवसाय जुळत नाही म्हणून असं नाव बाजूला टाकलं, तर नेमकी ही मुलंच यादीतून निसटतात.

व्यवसायाचे शब्दही नीट वाचावे लागतात. 'फायरमन' म्हणजे आग विझवणारा नव्हे. खाणीत वायू आहे का, छप्पर सुरक्षित आहे का, हे तपासणारा. 'हॉलिअर' म्हणजे घोडा जुंपून कोळशाच्या गाड्या ओढून नेणारा. हे शब्द मूळ रूपातच टिपावेत, अर्थासाठी वेगळा रकाना ठेवावा.

नावांची गर्दी हा सगळ्यात मोठा अडसर. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स एकाच गल्लीत कितीतरी सापडतात. वेल्श आडनावं मुळात वडिलांच्या नावांवरून आली, आपल्या मधल्या नावासारखी: 'अप् हिवेल', म्हणजे हिवेलचा मुलगा, याचं पॉवेल झालं, 'अप् रीस'चं प्राइस. त्यामुळे आडनावावरून घराणं ओळखता येत नाही. शिवाय चॅपलच्या वहीतला दाविद जनगणनेत डेव्हिड असू शकतो. बाप-लेकाचं नाव एकच असेल, तर दोन ओळी कराव्यात, एक कधीच नाही. १२ घरांतून बाप आणि मुलगा दोघेही गेले होते.

सध्या पाच खुणा तपासतो: पूर्ण नाव, वय (१९११ च्या वयात दोन मिळवून, एका वर्षाची सूट), जन्मगाव, घरातल्या इतरांची नावं, पत्ता. तीन जुळल्या तर 'संभाव्य', चार जुळल्या तर 'पक्कं'. पत्ता सर्वांत शेवटी पाहायचा. आधी पाहिला की डोळे बाकीच्या खुणा ओढूनताणून जुळवू लागतात.

मृत्यूनोंदींच्या सूचीत तिमाही असते ती नोंदणीची, मृत्यूची नव्हे. कॉरोनरच्या (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) चौकशीनंतर नोंद होत असल्याने १९१३ ची अखेरची आणि १९१४ ची पहिली, अशा दोन्ही तिमाही चाळाव्यात. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुली केलेली जुनी वर्तमानपत्रं शोधताना गावाचं नाव शेवटी 'डीडी' आणि 'टीएच' अशा दोन्ही स्पेलिंगने टाकावं. २४ मे १९०१ रोजी याच खाणीत आणखी एक स्फोट होऊन ८१ जण गेले होते. ती नावं या यादीत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक ओळीला वर्षाचा रकाना ठेवला आहे.

कमर्शियल स्ट्रीट आणि हाय स्ट्रीटची पहिली फेरी झाली. पुढे स्टॅनले स्ट्रीट, मग खोऱ्यात खाली ॲबरट्रिडर. तिथले कामगारही याच खाणीत उतरत, त्यामुळे सेंगेनिदपुरता शोध घेतला तर यादी अपुरी राहील.