बायोप्सीचा ब्लॉक मिळवताना: माझा अनुभव

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला स्तनाचा कर्करोग झाला. उपचारांतला सर्वांत त्रासाचा भाग कोणता, असे लोक विचारतात तेव्हा केस गळणे, उलट्या किंवा शस्त्रक्रिया यांपैकी एखादे उत्तर त्यांना अपेक्षित असते. ते सगळे यथासांग झाले आणि त्या प्रत्येकावर काही ना काही उपाय होता. ज्यावर कोणाकडेच उपाय नव्हता ती गोष्ट म्हणजे माझ्याच शरीरातून काढलेला गाठीचा नमुना एका प्रयोगशाळेतून बाहेर काढणे. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे. शिवाय ज्यांची बायोप्सी आज-उद्या व्हायची आहे, त्यांना हा मनस्ताप बऱ्याच अंशी टाळता येईल.

मी साताऱ्यात राहते. अंघोळ करताना हाताला गाठ लागली, ती दुखत नव्हती, आणि "या वयात साधीच गाठ असते" हे वाक्य मला दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत ऐकायला मिळाले. बहुतेक वेळा ते खरेही असते. तरी तरुण वयात गाठ लागली तर सोनोग्राफीचा आग्रह धरावा, कारण या वयात स्तनातील ग्रंथींचा भाग दाट असतो आणि मॅमोग्राफीत गाठ त्यामागे झाकली जाऊ शकते. सोनोग्राफीतला आकार डॉक्टरांना आवडला नाही, म्हणून शहरातल्याच एका रुग्णालयात जाड सुईने, म्हणजे ट्रू-कट पद्धतीने बायोप्सी झाली. अहवालात इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड तीन, म्हणजे दूधवाहिनीत सुरू होऊन बाहेर पसरलेला आणि झपाट्याने वाढणारा कर्करोग, असे आले. पाठोपाठ इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा, म्हणजे गाठीच्या पेशींवर कोणती प्रथिने आहेत हे पाहणाऱ्या तपासणीचा अहवाल आला. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी) आणि हर-टू दोन प्लस.

सगळे अडले ते या 'दोन प्लस'पाशी. हर-टू या प्रथिनाची तपासणी शून्य ते तीन प्लस अशा मापाने होते. शून्य आणि एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दोन प्लस म्हणजे सांगता येत नाही. अशा वेळी त्याच नमुन्यावर 'फिश' नावाची जनुकीय तपासणी करावी लागते. माझी गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी होती आणि काखेतही एक गाठ लागली होती, त्यामुळे पुण्यातल्या कर्करोगतज्ज्ञांनी आधी किमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठरवला. हर-टू पॉझिटिव्ह निघाल्यास किमोच्या जोडीला पहिल्यापासून ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवर नेमके काम करणारे औषध द्यायचे, निगेटिव्ह निघाल्यास औषधांचा संचच वेगळा. म्हणजे सगळ्या उपचारांची दिशा त्या एका अहवालावर अवलंबून होती. "फक्त ब्लॉक मागवून घ्या," असे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या त्या 'फक्त'ला मी आजही हसते.

ब्लॉक म्हणजे काय हे तोवर मला ठाऊक नव्हते. सुईने काढलेला नमुना आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्यातले पाणी काढून टाकतात आणि तो वितळलेल्या मेणात बसवतात. मेण गोठले की त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून ते काचपट्टीवर घेतात. अहवाल तयार झाल्यावरही उरलेला ठोकळा जपून ठेवलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला तोच लागतो. मला वाटले, तो बायोप्सी झालेल्या रुग्णालयात असेल. रुग्णालयात गेल्यावर कळले की त्यांच्याकडे स्वतःची पॅथॉलॉजी नाही. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. त्या प्रयोगशाळेचे साताऱ्यातले केंद्र म्हणजे एक काउंटर, एक फ्रीज आणि एक संगणक. तिथल्या मुलाने सांगितले की ब्लॉक मुंबईजवळच्या मुख्य प्रयोगशाळेत आहे आणि तो रुग्णाला देता येत नाही. ज्या रुग्णालयाने नमुना पाठवला त्यानेच मागणी केली पाहिजे. रुग्णालयात परत गेल्यावर रेकॉर्ड विभागातल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे ब्लॉक नाहीच, तर आम्ही मागणी कशी करणार, मॅडम?" मुख्य प्रयोगशाळेच्या फोनवर आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग संगीतात स्वागत झाले आणि शेवटी "आपल्या जवळच्या केंद्राशी संपर्क साधा" असा सल्ला मिळाला.

या फेऱ्या किती झाल्या हे मोजण्यात अर्थ नाही. माझा दादा दरवेळी रजा टाकून सोबत यायचा. मी फाइल छातीशी धरून बाकड्यावर बसायची आणि समोरची व्यक्ती मान वर न करता "नातेवाईक कोण आहे?" असे त्याच्याकडे पाहून विचारायची. रुग्ण मी आहे, हे सांगितल्यावर एका गृहस्थांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि "अरेरे" म्हटले. त्या 'अरेरे'ऐवजी त्यांनी शिक्का मारला असता तर माझे काम तिथेच झाले असते.

मधल्या काळात मी नियम वाचले. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार रुग्णाने वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. हे वाक्य मी अर्जात लिहिले. त्याचा परिणाम असा झाला की मला कागदपत्रे ताबडतोब मिळाली, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती, प्रत्येक पानावर शिक्का. आणि ब्लॉक काही मिळाला नाही, कारण तो कागद नाही. या युक्तिवादातल्या चलाखीचे मला आज कौतुकही वाटते. तेव्हा मात्र मी रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून मोठ्याने ओरडले होते आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

गाठ सुटली ती एका तंत्रज्ञ ताईंमुळे. केंद्रावरचा मुलगा जेवायला गेला होता आणि नमुने न्यायला आलेल्या या ताई काउंटरवर होत्या. त्यांनी माझा अहवाल हातात घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्ही नावाने मागताय, तिथे नावाने काही सापडत नाही. हा नंबर लिहा." माझ्या अहवालाच्या अगदी तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरांत हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या नमुन्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा) क्रमांक आणि त्यापुढे ब्लॉकचे अक्षर होते. तपासणी कोणत्या ब्लॉकवर केली तेही तिथेच लिहिलेले होते. पुढे त्यांनी सांगितले की पत्र रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडून आणू नका, ज्या सर्जनने बायोप्सी केली त्यांच्या लेटरहेडवर आणा, कारण प्रयोगशाळेच्या लेखी नमुना पाठवणारे तेच असतात. पत्रात रुग्णाचे नाव आणि वय, हा क्रमांक, ब्लॉक कशासाठी हवा, तो कोण नेणार आणि त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक, शेवटी डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का इतके असले की पुरे. पत्र थेट मुख्य प्रयोगशाळेतील हिस्टोपॅथॉलॉजी विभागप्रमुखांच्या नावे लिहायचे.

सर्जननी ते पत्र दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, उभ्याउभ्या लिहून दिले. इतके दिवस हेच पत्र कोणी मागायला सांगितले नव्हते, एवढेच. दादा ते घेऊन स्वतः गेला. कुरियरने मागवू नये असे मी म्हणेन, निदान उन्हाळ्यात तरी. मेण साठ अंशांच्या आसपास वितळते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेमागे ठेवलेल्या वस्तूचे काय होते ते आपण जाणतो. तो ठोकळा घरी आला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला. प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर पांढरट मेण, आणि त्यात शेवयांच्या तुकड्यांसारख्या तीन फिकट रेषा. डबीच्या कडेवर क्रमांक शिसपेन्सिलीने लिहिलेला होता, कारण प्रक्रियेतल्या रसायनांत शाई विरघळून जाते.

केंद्रावर "ब्लॉकऐवजी काचपट्ट्या न्या" असेही सुचवले होते. फक्त रंगवलेल्या काचपट्ट्या घेऊन परत येऊ नका. दुसरे मत घेण्यासाठी त्या उपयोगी पडतात, पण फिशसाठी न रंगवलेले ताजे काप लागतात आणि आधीच कापून ठेवलेले काप फार जुने झाले तर चालत नाहीत. ब्लॉक हातात असला की हा प्रश्न उरत नाही.

डॉक्टरांनी एक पर्याय दिला होता, की ब्लॉक येत नसेल तर पुन्हा बायोप्सी करू. अडून बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे, आणि ज्यांची गाठ झपाट्याने वाढते आहे त्यांनी माझ्यासारखे थांबू नये. मी थांबू शकले याचे कारण निराळे होते. किमोमुळे बीजकोशांचे कार्य कमी होऊ शकते किंवा बंदही पडू शकते, म्हणून उपचारांआधी बीजांडे गोठवून ठेवण्याचा सल्ला मिळाला होता आणि त्या इंजेक्शनांना साधारण दीड ते दोन आठवडे लागणारच होते. पाळीची वाट पाहावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. माझी गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असल्याने इस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या होत्या. म्हणजे ब्लॉकच्या फेऱ्या मी पोटावर इंजेक्शनांचे डाग घेऊन मारल्या. त्या क्लिनिकमध्ये अर्ज भरताना "मिस्टरांची सही?" असे विचारले गेले. माझे लग्न झालेले नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अविवाहित स्त्रीलाही स्वतःच्या नावावर बीजांडे ठेवता येतात, हे मी शांतपणे सांगितले. ब्लॉकप्रकरणाने एवढा सराव करून दिला होता. या विषयी डॉक्टर आपणहून बोलतीलच असे नाही. तरुण मुलीने पहिल्याच भेटीत विचारावे. एकदा किमो सुरू झाली की ही वेळ निघून जाते.

फिशचा अहवाल पॉझिटिव्ह आला. ते कळले तेव्हा मला हायसे वाटले, हे माझ्या आईला समजले नाही; पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, असे तिच्या मनात होते. हर-टू पॉझिटिव्ह आजार आक्रमक असतो हे खरे, पण त्याच्यावर नेमके चालणारे औषध आहे आणि ते आपल्याकडे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळत्याजुळत्या, स्वरूपातही मिळते. डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा मात्रा झाल्या. त्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागले तेव्हा ते उशीवर गोळा करत बसण्यापेक्षा मी डोके साफ करून घेतले. डोसिटॅक्सेल चालू असताना बोटे बर्फाच्या हातमोज्यांत ठेवली तर नखे बरीच वाचतात. हातांच्या शिरा लवकर खराब होतात म्हणून कॉलरच्या हाडाखाली पोर्ट, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडणारी त्वचेखालची छोटी डबी, बसवून घ्यावा. ट्रास्टुझुमॅबचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला आणि नंतर दर तीन महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. त्याची तारीख आपणच लक्षात ठेवावी, कारण मात्रेच्या दिवशी इको नाही म्हणून परत पाठवतात.

किमोआधी गाठीत टायटॅनियमची बारीक क्लिप बसवली आहे ना, हेही विचारून घ्यावे. औषधाने गाठ विरघळली तर शस्त्रक्रियेच्या वेळी जागा कशी सापडणार? माझी गाठ खरोखरच सोनोग्राफीत दिसेनाशी झाली आणि क्लिपच्या आधारे तेवढाच भाग काढता आला. नंतर रेडिएशन झाले. ट्रास्टुझुमॅबचे एक वर्ष पूर्ण झाले. आता हार्मोनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज आणि बीजकोश शांत ठेवणारे गोसेरेलिनचे इंजेक्शन दर २८ दिवसांनी चालू आहे. मूल हवे असल्यास दीड ते अडीच वर्षांनंतर ही गोळी तात्पुरती थांबवता येते का, याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि त्यातले सुरुवातीचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. डॉक्टरांनी तो विषय माझ्यापुढे उघडा ठेवला आहे. बीजांडे कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात आणि त्यांचे शुल्क दरवर्षी भरावे लागते.

चौथ्या किमोच्या सुमारास त्याच प्रयोगशाळेतून फोन आला, ब्लॉक परत केव्हा करणार म्हणून. मी त्यांना ब्लॉकचा क्रमांक विचारला. तो त्यांना सांगता आला नाही.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. बायोप्सीच्या दिवशीच तीन प्रश्न विचारून उत्तरे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत: नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, ब्लॉक किती होणार, आणि तो परत मागताना पत्र कोणाच्या नावे द्यायचे. ब्लॉक एकाहून अधिक झाले तर सगळे एकदम कोणालाही देऊ नयेत. जिथे द्याल तिथून पोच घ्यावी, त्या पोचेवर क्रमांक लिहिला आहे का ते तिथेच वाचून पाहावे, आणि तपासणी झाल्यावर ठोकळ्यात नमुना शिल्लक आहे की संपला हेही विचारावे, कारण आजार कधी परतलाच तर जुन्या नमुन्याशी तुलना करायला तोच लागतो. माझा ब्लॉक आता पुण्यातल्या रुग्णालयात आहे आणि त्याची पोच माझ्याकडे.