जळका वास

आज भाच्याला फॉर्म्युला वन कार शर्यतीची, सौदी अरेबियातल्या जेद्दाहमधली २०२२ ची क्लिप दाखवत होतो. सराव चालू असताना ड्रायव्हर व्हर्स्टॅपन रेडिओवर विचारतो, जळल्यासारखा वास येतोय, माझ्याच गाडीचा का?

गाडी ठणठणीत होती. जळत होता सौदी तेल कंपनी आरामकोचा तेलसाठा, ट्रॅकपासून पंधराएक किलोमीटरवर. येमेनच्या हूथी बंडखोरांनी हल्ला केला होता.

शर्यतीत उतरायचं की नाही, यावर त्या रात्री ड्रायव्हर मंडळींची बैठक चार तासांहून जास्त चालली. मध्यरात्र उलटून गेली. रविवारी शर्यत झालीच. जिंकला व्हर्स्टॅपनच.

भाचा म्हणाला, "मामा, मग ते घरी का नाही गेले?"

मी करार, पैसा वगैरे सुरू केलं आणि मध्येच अडखळलो. बहारीन आठवलं. तिथली २०११ ची शर्यत आंदोलनामुळे रद्द झाली होती. २०१२ ला मात्र आदल्या दिवशी एका आंदोलकाचा मृतदेह सापडला, तरी गाड्या धावल्या. मीही पाहिली ती शर्यत, अगदी शेवटच्या लॅपपर्यंत. (फेटेल जिंकला. तेवढं बरोब्बर लक्षात आहे बघा!)

ड्रायव्हर घरी का नाही गेले, हे विचारणं सोपं आहे. मी तर घरीच होतो, रिमोट हातात होता. मग?