फोटोग्राफीच्या वर्गाची सुरुवात थडग्यांनीच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्या फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी थडग्यांचे फोटो दाखवतो. दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "सर, श्रीगणेशाच कबरस्तानात?"

हे कबरस्तान स्कॉटलंडमधल्या एडिंबरातलं, ग्रेफ्रायर्स चर्चच्या आवारातलं. 1843 मध्ये चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि विशीतला फोटोग्राफर रॉबर्ट अॅडमसन एकत्र आले. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये तेव्हा फूट पडली होती. बाहेर पडलेल्या शेकडो धर्मगुरूंचं एक प्रचंड चित्र हिलला रंगवायचं होतं आणि चेहऱ्यांसाठी त्याला फोटो हवे होते. चित्र संपायला 1866 उजाडलं! त्याआधीच ही जोडी कॅमेरा घेऊन ग्रेफ्रायर्समध्ये शिरली होती.

"थडगी हलत नाहीत, म्हणून," असं उत्तर मुलं स्वतःच देऊन टाकतात. ते अर्धंच खरं. ते वापरत त्या कॅलोटाइप या जुन्या फोटोपद्धतीत निगेटिव्ह कागदाची असे. चांदीचे क्षार लावलेल्या त्या कागदावर लख्ख उन्हातसुद्धा चित्र सावकाश टिपलं जायचं, मिनिटाच्या आसपास, कधी जास्तच. पण मग थडग्यांपाशी जिवंत माणसं कशाला उभी केली? एका फोटोत खुद्द हिल कागद-पेन्सिल घेऊन बसलाय, सोबत मॉरिस भगिनी.

माझं उत्तर साधं आहे. दगडाला टेकलं की माणूस कमी हलतो. शिवाय सतराव्या शतकातल्या त्या थडग्यांवर कवट्या, हाडं, खांब खोल कोरलेले आहेत. तिरप्या उन्हात त्यांच्या खाचांत जी काळोखी साठते, ती चित्रकाराच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. कागदाच्या तंतूंमुळे बारकावे विरघळायचे. हिलला तेच आवडायचं, आणि मलाही. आजच्या फोनमधली धारदार थडगी मला तरी बेचव वाटतात.



अॅडमसन 1848 मध्ये गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. साडेचार वर्षांत दोघांनी मिळून हजारो फोटो काढले होते.

हे सांगून झालं की मी एकेका मुलाला खिडकीजवळच्या भिंतीला टेकवतो आणि मिनिटभर शटर उघडं ठेवतो. पापण्या लवल्या तरी फोटोत दिसत नाहीत. हसू मात्र कुणालाच टिकवता येत नाही. परवा एकीनं तीस सेकंदांतच विचारलं, "सर, झालं का?" तिचे ओठ पुसट आलेत, मागची भिंत स्पष्ट आहे.