घमेलं, हेल्मेट आणि बांबूचा कठडा

नागपूरच्या बेसा भागात दीड हजार फुटांच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधायला घेतलं, तेव्हा ठेकेदाराशी चार पानी करार केला होता. सळई कोणती, सिमेंट कोणतं, फुटाचा भाव काय, हप्ते कधी, सगळं त्यात होतं. कामावर माणूस पडला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. मला सुचलंच नाही, खोटं कशाला बोलू.

सुचलं ते जूनमध्ये. आमच्याकडे काळी माती. कॉलमचे खड्डे सहा-सात फूट खोल गेले होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात एका खड्ड्याची बाजू ढासळली. रात्रीची वेळ, म्हणून खाली कोणी नव्हतं. सकाळी पाहिलं तर उपसलेल्या मातीचा ढीग अगदी काठाला लागून. त्याच्याच वजनाने काठ आत बसला होता. मिस्त्री म्हणाला, "काळ्या मातीत होतेच जी असं." नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला फोन केला, तर तो चिडलाच. माती काठापासून किमान पाच फूट लांब टाका, बाजू उभ्या न ठेवता उतरत्या कापा, खड्ड्यात शिडी कायम असू द्या. तीनच गोष्टी, पण आधी कोणी बोललं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कागदांच्या फायलीत एक पावती सापडली. नकाशा मंजुरीच्या वेळी भरलेला कामगार कल्याण उपकर. बांधकामाचा खर्च 32 लाख धरला होता, त्याचा 1 टक्का म्हणजे 32 हजार. तेव्हा मला तो आणखी एक चार्ज वाटला होता. हा पैसा तेव्हा 1996 च्या कायद्यानुसार गोळा व्हायचा आणि राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जायचा, ते त्या आठवड्यात वाचलं. म्हणजे माझ्या प्लॉटवर राबणाऱ्यांच्या नावाने मी पैसे भरले होते, आणि त्या अकरा जणांपैकी मंडळाकडे नोंद एकाचीही नव्हती. मिस्त्री वीस वर्षं याच कामात.

नोंदणीच्या अटी सोप्या दिसत होत्या: वय 18 ते 60, मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामाचं काम, आधार, फोटो. फी तेव्हा एक रुपया. अडलं ते 90 दिवसांच्या दाखल्यावर. तो ठेकेदाराने द्यायचा, आणि ठेकेदार सही करेना. "उद्या काही झालं तर माझा कागद सापडेल ना साहेब." एवढा प्रामाणिक नकार मी ऐकला नव्हता. दोन महिने मागे लागून पाच जणांचे दाखले मिळाले. अर्ज भरून देणाऱ्या एकाने माणशी दीड हजार मागितले, म्हणून रविवारी मी स्वतःच लॅपटॉप घेऊन बसलो. बालाघाटकडून आलेल्या दोघींच्या आधारवरचं वय आणि चेहरा यांचा काही मेळ नव्हता. त्यांचं राहूनच गेलं.

मधल्या काळात मी उत्साहाने आयएसआय मार्कची अकरा हेल्मेटं आणली. तिसऱ्या दिवशी ती सगळी सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबला खालून टेकू देणाऱ्या, बल्लीला ओळीने टांगलेली! मी रेजांपैकी, म्हणजे माल वाहणाऱ्या मजूर बायांपैकी, मोठ्या बाईंना जरा आवाज चढवून विचारलं. त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली, त्यावर घमेलं घेतलं आणि मला म्हणाल्या, "आता सांगा साहेब, टोपी कुठं ठेवू?" मला उत्तर देता आलं नाही. हेल्मेट घेण्याआधी मी त्यांना एक मिनिटही काम करताना नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या स्लॅबला म्हणून मशीनची लिफ्ट लावली. डोक्यावरून माल चढवणं थांबलं, आणि लिफ्टखाली उभे राहणाऱ्या दोघांनी हेल्मेट निमूट घातलं. एप्रिल संपत आला होता, पारा 43 वर. तेव्हा दुपारी बारा ते चार काम बंद ठेवून सकाळी सहाला सुरू केलं. ठेकेदाराला हे मात्र लगेच पटलं. उन्हात मजूर टिकत नाही हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

खरी भीती मला वाटली ती स्लॅबला पाणी मारताना. एक पोरगा पाइप ओढत उलटा चालत होता, नजर पाइपवर. मागे जिन्याचं उघडं भोक. माझ्या ओरडण्याने तो दचकला आणि थांबला, नाहीतर थेट खाली होता. त्याच संध्याकाळी भोकाभोवती आणि स्लॅबच्या चारही कडांना कमरेच्या वर बांबूचा कठडा बांधून घेतला. बांबू, काथ्या आणि दोघांची अर्धी मजुरी. अकरा हेल्मेटांपेक्षा स्वस्त पडला. वीस वर्षांत याने किती जीव वाचले असते, असं मिस्त्रीच मध्येच पुटपुटला आणि पुन्हा गाठ मारायला लागला.

ठेकेदाराशी सगळ्यात मोठं भांडण बल्ल्यांवरून. सेंट्रिंगचा सेट त्याला दुसऱ्या साइटवर हवा होता, म्हणून पाचव्या दिवशीच स्लॅबखालच्या बल्ल्या काढायला माणसं आली. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवस, त्यापुढे चौदा आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली चौदा दिवस टेकू ठेवायला सांगितलेत. माझा हॉल साडेचारच्या पुढचा. शिवाय सिमेंट पीपीसी, ताकद हळू धरणारं, म्हणजे घाई तर अजिबात नको. मी गेटला कुलूप लावलं. चौदाव्या दिवशी उघडलं. त्या सेटचं नऊ दिवसांचं भाडं मीच भरलं.

वायरिंगचं एका ओळीत सांगतो: तात्पुरत्या मीटरवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावला, तर पहिल्या दिवशी तो चार वेळा ट्रिप झाला. व्हायब्रेटरची वायर सोललेली निघाली.

परवा माझ्या मावसभावाला त्याच ठेकेदाराने कोटेशन दिलं. चार पानं तशीच. फक्त शेवटी हाताने लिहिलेली एक ओळ वाढली आहे: "कठडा, लिफ्ट व लाइट सुरक्षा, जादा आकार." भाऊ विचारतो, ही ओळ खोडली तर चालेल का.